ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. गावाची ग्रामपंचायत बरखास्त होऊन तिथे नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली, नाहीतर गावच महापालिकेत गेलं, आणि साध्यासाध्या कामांना दोन-दोन कार्यालयांचे हेलपाटे पडू लागले. प्रश्न शक्य तितके वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. नावं आणि गावं वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाची नगरपंचायत करण्याची प्रारूप (कच्ची) अधिसूचना निघाली आहे. ग्रामसभेनं एकमतानं विरोधाचा ठराव केला. या ठरावानं नगरपंचायत थांबेल का?

एकट्या ठरावानं थांबणार नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या कलम ३४१-अ खाली 'संक्रमणात्मक क्षेत्र', म्हणजे ग्रामीणकडून नागरीकडे वळणारं क्षेत्र, घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. ग्रामसभेच्या संमतीची अट त्यात नाही. पण हरकती मागवून त्यांचा विचार करणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि तुमचं खरं बळ तिथे आहे. ठराव हरकत म्हणूनच दाखल करा. मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे हरकत दाखल झाली असं होत नाही. अधिसूचनेत ज्या अधिकाऱ्याचं नाव असेल, बहुधा जिल्हाधिकारी, त्यांच्याच कार्यालयात ३० दिवसांच्या आत अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

अर्जात काय लिहायचं, इथे बहुतेक गावं कमी पडतात. "आम्हाला नगरपंचायत नको" या वाक्यावर सुनावणीत चर्चा होऊ शकत नाही, आकड्यांवर होते. संक्रमणात्मक क्षेत्रासाठी लोकसंख्या साधारण १० हजार ते २५ हजार लागते आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण पाहिलं जातं. हे प्रमाण तुम्हाला स्वतः काढता येतं. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात एकूण काम करणारे, शेतकरी आणि शेतमजूर असे वेगवेगळे आकडे असतात. समजा काम करणारे ४,०००, शेतकरी १,७०० आणि शेतमजूर ९०० आहेत. उरले १,४००, म्हणजे ३५ टक्के. तुमचा आकडा प्रस्तावातल्या आकड्यापेक्षा वेगळा निघाला तर तक्त्याची प्रत जोडून तेवढंच ठळक मांडा.

गाव तालुक्याचं मुख्यालय असेल तर या मुद्द्याचं वजन कमी होतं. तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचा निर्णय सरकारनं २०१४ मध्ये घेतला आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत राज्यभर अनेक नगरपंचायती त्यातून झाल्या. अशा ठिकाणी हद्दीवर भर द्या. दोन-तीन किलोमीटर लांबच्या वाड्या, पूर्ण शेतीचे गट आणि गायरान हद्दीत घेतलं आहे का, हे अधिसूचनेच्या अनुसूचीतले गट क्रमांक एकेक करून तपासा. एखादी वाडी वगळण्याची नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता सरसकट विरोधापेक्षा जास्त असते, असं आमचं मत आहे.

अंतिम अधिसूचना निघाली की सरपंच आणि सदस्यांची पदं संपतात. निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो आणि ही जबाबदारी अनेकदा तहसीलदारांकडे येते. नगरपंचायतीचे प्रभाग १७ आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक. सध्याच्या तरतुदीनुसार नगराध्यक्षही थेट मतदारांकडून निवडला जातो, म्हणजे मतदाराला दोन मतं असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी मात्र तुम्हाला यापुढे मतदान करता येणार नाही. ही गोष्ट अनेकांच्या निवडणुकीच्या दिवशीच ध्यानात येते.

अंतिम अधिसूचनेची तारीख घरातल्या कागदांच्या फाइलवर लिहून ठेवा. पुढची जवळपास सगळी उत्तरं या तारखेवर अवलंबून आहेत.

प्रश्न : ग्रामपंचायतीत घरपट्टी साडेसातशे रुपये होती. नगरपंचायतीनं एकदम अकरा हजारांची नोटीस पाठवली. घरात एक विटही वाढलेली नाही. हे कसं?

कर वाढण्यामागे एक खरं कारण असतं आणि दुसरी चूक असते. आधी दोन्ही वेगळी करा.

खरं कारण हे की कर काढायची पद्धतच बदलली. ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर दर हजारी काही पैसे या हिशेबानं कर घेते. नगरपंचायतीत बहुतेक ठिकाणी करयोग्य मूल्य काढतात. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल हे धरायचं, दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर ठरावानं ठरलेल्या टक्क्यांनी कर लावायचा. नागरी भागात शासनाचा शिक्षण करही त्याच बिलात येतो आणि दुकान-गाळ्यावर रोजगार हमी करही. त्यामुळे थोडी वाढ अटळ आहे.

पण अकरा हजार म्हटल्यावर आमचा पहिला संशय मोजमापावर जातो. ग्रामपंचायतीचं दप्तर चौरस फुटांत आणि नगरपंचायतीची आकारणी चौरस मीटरमध्ये, असं अनेक ठिकाणी असतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ६०० चौरस फुटांचं घर ५५.७४ चौरस मीटर होतं. महिन्याला प्रति चौरस मीटर ८ रुपये भाडं धरलं तर वर्षाचे ५,३५१ रुपये, दहा टक्के वजा जाता ४,८१६. त्यावर २५ टक्के कर म्हणजे सुमारे १,२०४ रुपये. नोंद करताना कुणी ६०० हाच आकडा चौरस मीटरच्या रकान्यात भरला, तर त्याच घराचा कर १२,९६० रुपये होतो. (दर आणि टक्के उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या गावाचे आकारणी यादीत दिसतील.) नवा कर 'पद्धतीमुळे' जुन्याच्या सुमारे दीडपट आला आहे की 'एककामुळे' योग्य कराच्या दहापट, हे या हिशेबावरून लगेच कळतं.

दुसरी नेहमीची चूक वापराची. गोठा, चाऱ्याची खोली आणि उघडा ओटा राहत्या घरात धरला जातो, किंवा कधीकाळी पिठाची गिरणी चालत असलेली आणि आता बंद पडलेली खोली व्यावसायिक म्हणून लागते. तिसरी चूक बांधकामाच्या प्रकाराची. मातीच्या भिंती आणि पत्र्याच्या घराला स्लॅबच्या घराचा दर लागतो. चौथी चूक म्हणजे एकाच घराच्या दोन नोंदी, एक वडिलांच्या नावावर आणि दुसरी मुलाच्या. वरचा मजला उतरवून झाल्यावर जुन्या नोंदीत तसाच राहिला असेल तर तोही तपासा.

करायचं ते असं. घर स्वतः टेपनं मोजा, हातानं साधा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा. ग्रामपंचायतीचा शेवटचा नमुना ८ चा उतारा, शेवटची पावती, वीजबिल आणि चारही बाजूंचे फोटो जोडा. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, साधारण ३० दिवसांत, हरकत द्या. हरकतीत "कर जास्त आहे" एवढंच लिहू नका. 'नोंदीतलं क्षेत्र इतकं, प्रत्यक्ष इतकं' असे दोन रकाने मांडा. नगरपालिकेत कर ठरवणारा प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकारी नगररचना विभागाचा असतो आणि सुनावणीत त्याला मापं लागतात. सुनावणीला जाताना मूळ कागद न्या आणि तिथे झालेल्या निर्णयाची लेखी प्रत मागा. हरकत फेटाळली तर मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येतं, पण बिलाची रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल होत नाही. म्हणून 'हक्क राखून भरणा' असं अर्जावर लिहून रक्कम भरा. हरकत दिली म्हणून कर भरायचाच नाही, असं केलं तर शास्ती चढते आणि अपीलही अडतं.

ज्यांचं गाव महापालिकेत गेलं आहे, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. तिथे पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दरानं आणि पुढे टप्प्याटप्प्यानं वाढ करत महापालिकेच्या दरावर यायचं असतं. बिलात एकदम पूर्ण दर दिसत असेल तर समावेशाची तारीख देऊन विचारा.

प्रश्न : माझ्याकडे घराचा नमुना ८ आहे. बँक म्हणते, याला आता किंमत नाही. मग मालक कोण?

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. ग्रामपंचायत असतानाही ती मालकीचा पुरावा नव्हती, फक्त गावात सगळे तिला तसं मानत होते. नगरपंचायतीचा आकारणी उताराही तसाच, कर कोणाकडून घ्यायचा हे सांगणारा. मालकी दिसते ती सातबारा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नोंदणीकृत खरेदीखत आणि वाटणीपत्र यांतून.

गावठाणातल्या घरांची खरी अडचण इथेच आहे, कारण अनेकांकडे यातलं काहीच नसतं. स्वामित्व योजनेखाली ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या, पण ती योजना ग्रामीण गावठाणांची. तुमच्या गावात मोजणी अधिसूचनेच्या आधी झाली का, हे तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर सनद घ्या. झाली नसेल तर नगर भूमापनाची वाट पाहावी लागेल, आणि तोपर्यंत ग्रामपंचायतीचे जुने उतारे, जुन्या पावत्या आणि वारस नोंदीचे ठराव यांच्या साक्षांकित प्रती जपून ठेवा. चौकशीच्या वेळी ताबा दाखवायला त्याच कामी येतात. मयत वडिलांचं नाव अजून लागलेलं असेल तर वारस नोंदीचा अर्ज आजच द्या. नगर भूमापन सुरू झाल्यावर जे नाव दिसेल त्यालाच नोटीस जाते.

प्रश्न : घरकुलाच्या यादीत माझं नाव होतं. आता पंचायत समिती म्हणते, नगरपंचायतीत जा. नगरपंचायत म्हणते, तुमची यादी आमच्याकडे नाही.

दोघेही आपापल्या नियमानं बरोबर बोलत आहेत आणि नुकसान तुमचं होत आहे. ग्रामीण आणि शहरी आवास योजना वेगवेगळ्या आहेत, त्यांच्या याद्या एकमेकांकडे जात नाहीत. ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान आणि त्याशिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. शहरीमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. रक्कम जास्त दिसते, पण शहरी योजनेत जागेच्या मालकीचा कागद आणि बांधकाम परवानगी लागते. वरच्या उत्तरातला नमुना ८ चा घोळ इथे पुन्हा आडवा येतो.

तुमची मंजुरी आणि पहिला हप्ता अधिसूचनेच्या तारखेआधीचा असेल, तर प्रकरण पंचायत समितीतच पूर्ण व्हावं असा लेखी अर्ज गट विकास अधिकाऱ्यांना द्या आणि उत्तरही लेखीच मागा. नाव फक्त प्रतीक्षा यादीत असेल तर शहरी योजनेचा नवा अर्ज करावा लागेल. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं.

रोजगार हमीच्या जॉबकार्डाबद्दल अनेकांनी विचारलं आहे. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीच्या व्याख्येत नागरी स्थानिक संस्थेचं क्षेत्र बसत नाही, म्हणून ते काम बंद होतं. भूमिहीन मजुरांना याचा सर्वात मोठा फटका बसतो, आणि प्रारूप अधिसूचनेवरच्या हरकतीत हा मुद्दा सहसा कुणी लिहीतच नाही. जरूर लिहा.

प्रश्न : सातबारा, तलाठी, पीकविमा हेही बदलणार का?

नाही. महसुली गाव तसंच राहतं. तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, ते तिथेच असतात. सातबारा, पीक पाहणी, पीकविमा आणि शेतीपंपाची वीज यांवर याचा परिणाम होत नाही.

प्रश्न : ग्रामसभेत आम्ही उभं राहून हिशेब विचारायचो. आता कुठे विचारायचं?

ग्रामसभा गेली, आणि या बदलात गावानं गमावलेली सर्वात मोठी गोष्ट आमच्या मते हीच आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या आणि प्रत्येक मतदार तिचा सदस्य होता. नगरपंचायतीत मतदार सभागृहाचा सदस्य नसतो. राज्यघटनेत प्रभाग समित्यांची सक्ती आहे, पण तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी.

तरीही दारं पूर्ण बंद नाहीत. सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते, बसून ऐकता येते. विषयपत्रिका आधी मिळवा, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी प्रश्न द्या आणि त्याची पोच घ्या. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागा. १० रुपये अर्जाचे, २ रुपये पानाचे, मुदत ३० दिवस. "सर्व ठरावांची माहिती द्या" असं न लिहिता सभेची तारीख आणि ठरावाचा विषय लिहा, म्हणजे 'माहिती व्यापक आहे' असं उत्तर येणार नाही. एखादा ठराव बेकायदा वाटला तर १९६५ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जासोबत ठरावाची प्रत आणि नेमका कोणता नियम मोडला ते द्या. काम पूर्ण होऊन बिल निघाल्यावर अर्ज केला तर तहकूब करायला काही उरत नाही.

पहिल्याच महिन्यात मागण्यासारखा एक कागद आहे : ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीला दिलेल्या चार्जची यादी. बँक शिल्लक, ठेवी, वित्त आयोगाच्या निधीची शिल्लक, पाणी योजनेचं आणि दिवाबत्तीचं थकीत वीजबिल, अपुरी कामं, ठेकेदारांची देणी, जागा आणि इमारती. संपत्तीबरोबर देणीही नव्या संस्थेकडे जातात. यादीत नसलेली मोकळी जागा दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी ताब्यात दिसते.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत बारा वर्षं पाणीपुरवठा कर्मचारी आहे. मला नगरपंचायत सामावून घेईल का?

समावेशन आपोआप होत नाही. नगरपंचायतीच्या मंजूर आकृतिबंधातली (पदांच्या तक्त्यातली) पदं, तुमची शैक्षणिक अर्हता आणि नेमणुकीची तारीख पाहून प्रस्ताव जातो. नेमणुकीचा ठराव, जिल्हा परिषदेनं मंजूर केलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीतलं नाव, हजेरीपट, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती दप्तर हलण्याआधीच घ्या. बहुतेक प्रस्ताव अडतात ते तोंडी नेमणुकीवर, किंवा अधिसूचनेच्या तोंडावर झालेल्या भरतीच्या संशयावर. तुमची बारा वर्षं कागदावर दिसली तर तो संशय उरत नाही. जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना असलेला १० टक्के कोटाही लक्षात घ्या. समावेशनाचा प्रस्ताव सही करण्याआधी त्या कोट्याच्या ज्येष्ठता यादीत तुमचं स्थान काय, हे विचारून घ्या.

प्रश्न : विकास आराखड्यात माझ्या दोन एकरांवर बगिचाचं आरक्षण पडलं आहे. शिवाय नागरी भाग झाल्यानं मोबदला कमी मिळेल असं ऐकतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत देता येते, ती नियोजन समितीपुढे सुनावणीला जाते. हरकतीत पर्यायी जागा सुचवा. जवळ सरकारी जमीन असेल तर तिचा गट क्रमांक लिहा. मुदत चुकली आणि आरक्षण कायम झालं, तर आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन न झाल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन संपादित करा' अशी नोटीस, देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सूचना मालकी हक्काच्या कागदांसह द्यावी लागते. सातबारावर सहहिस्सेदार असतील आणि एकानंच सही केली तर ती अपुरी ठरवली जाऊ शकते.

मोबदल्याबद्दल तुम्ही ऐकलं त्यात तथ्य आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ पर्यंतचा गुणक लागतो, नागरी भागात १. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम दोन्हीकडे आहे. म्हणजे गुणक २ असेल तिथे ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपट आणि नागरी जमिनीला दुप्पट. बाजारभाव संपादनाच्या प्राथमिक अधिसूचनेच्या दिवसाचा धरतात. तुमच्या प्रकरणात ती अधिसूचना आधीची की नगरपंचायतीची, या दोन तारखा समोरासमोर ठेवून वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : १९७८ सालचा जन्मदाखला हवा आहे. रजिस्टर कुठे असेल?

ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं दप्तर नगरपंचायतीच्या निबंधकाकडे जातं, आधी तिथे विचारा. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोध घ्या आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असा दाखला लेखी घ्या. त्या दाखल्याशिवाय उशिरा नोंदणीचं प्रकरण पुढे सरकत नाही.

प्रश्न : एकदा नागरी झालेलं गाव परत ग्रामपंचायतीत येऊ शकतं का?

हद्दी बदलण्याचा अधिकार सरकारकडे असल्यानं कायद्यानं शक्य आहे, आणि झालंही आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेतली २७ गावं २००२ मध्ये वगळली गेली, तिथे पुन्हा ग्रामपंचायती आल्या, आणि २०१५ मध्ये ती परत महापालिकेत घेतली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वेगळी करायचा निर्णय झाला, तो त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं पुढे बाहेर पडली, पण ग्रामपंचायतीत न जाता २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

अशा ये-जा करणाऱ्या गावांत एकाच वर्षाच्या कराची मागणी दोन संस्थांकडून येते, किंवा मधल्या काळातली बांधकाम परवानगी कुणीच मान्य करत नाही. हद्द बदलण्याची हालचाल दिसली की चालू संस्थेकडून त्या तारखेपर्यंतचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि मंजूर बांधकाम नकाशाची शिक्क्यासह प्रत स्वतःकडे ठेवा. दाखल्यावर 'कोणत्या तारखेपर्यंत' हे शब्द आहेत ना, तेवढं तिथल्या तिथे वाचून पाहा.